घरमालक खाली, भाडेकरू वर: आवाजाचा वाद कोणत्या क्रमाने सोडवायचा

इंदूरच्या सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग या वस्त्यांत घरांची एकच मांडणी पुन्हा पुन्हा दिसते. तळमजल्यावर घरमालकाचं कुटुंब, वर एक किंवा दोन भाडेकरू. जिना एक, चॅनल गेट एक, हौद एक आणि पाण्याची मोटारही एकच. अशा घरात आवाजावरून कुरबुर होणारच. पण बहुतेक ठिकाणी ती मिटत नाही, कारण पावलं उलट्या क्रमाने टाकली जातात. आधी काठीने छत ठोकलं जातं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज जातो, मग भाडं आणि डिपॉझिट मधे येतं आणि एका रात्री कुणीतरी पोलिसांना ११२ लावतं. तोवर आवाज नेमका कुठून येतो हे कुणीच पाहिलेलं नसतं.

पुढचा क्रम दोन्ही बाजूंसाठी आहे. तुम्ही खाली राहत असा की वर, टप्पा गाळू नका. तिसऱ्या टप्प्याआधी चौथा करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

१. आठ दिवस फक्त नोंद ठेवा

एक छोटी वही घ्या किंवा मोबाइलवर लिहा. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख, वेळ, कसला आवाज, किती मिनिटं चालला, आणि तुम्ही तेव्हा कोणत्या खोलीत काय करत होतात. "रात्री ११.२०, खुर्ची ओढल्यासारखा आवाज, तीन-चार वेळा, मागच्या बेडरूममध्ये झोपलो होतो" ही नोंद कामाची. "पुन्हा धिंगाणा सुरू" ही नोंद कामाची नाही, कारण पुढे बोलायला बसाल तेव्हा तिच्यातून काहीच सांगता येत नाही.

आठ दिवस कमी वाटतील, पण त्यांत नळाचे दिवस, रविवार, सुट्टी आणि कामाचे दिवस सगळे येतात. इंदूरमध्ये बहुतेक भागांत नर्मदेचं पाणी एक दिवस आड येतं. त्यामुळे मोटारीचा त्रास रोजचा आहे की नळाच्या दिवसापुरता, हे या वहीतूनच कळतं.

आठ दिवसांनी नोंदी तीन भागांत वेगळ्या करा. पहिला भाग वस्तूंचा: करकरणारं गेट, थरथरणारी मोटार, उड्या मारणारं वॉशिंग मशीन. दुसरा वेळेचा: मिक्सरचा आवाज एरवी चालतो, पण सकाळी साडेपाचला नको. तिसरा वागण्याचा: रात्री गच्चीवर मोठ्याने फोन, मित्रांच्या बैठका, दार आपटणं. वस्तूचा आवाज दुरुस्तीने जातो, वेळेचा बोलण्याने आणि वागण्याचा लेखी ठरवण्याने. तिन्ही एका दमात मांडले की समोरच्याला सगळाच आरोप वाटतो, आणि जे सहज सुटलं असतं तेही अडून बसतं.

सावधान: या वहीत लाइट बिल, पाहुणे, पार्किंग, भाड्याची थकबाकी यांतलं काहीही लिहू नका. दुसरा राग मिसळला की आवाजाचं बोलणं तिथेच संपतं.

२. आवाजाचा मार्ग शोधा

आवाज घरात दोन वाटांनी येतो. एक हवेतून: टीव्ही, बोलणं, गाणी, कुकरची शिट्टी. हा खिडकी, दाराखालची फट, जिन्याची मोकळी जागा यांतून शिरतो. दुसरा बांधकामातून: खुर्चीचे पाय, टाचा आपटत चालणं, खलबत्ता, मोटार. हा स्लॅब, बीम आणि भिंतीतून जातो आणि जिथे होतो त्यापेक्षा भलत्याच खोलीत ऐकू येतो. सिमेंटचा स्लॅब बोलण्याचा आवाज बराच अडवतो, पण ठोका मात्र जवळजवळ जसाच्या तसा खाली पोचवतो. म्हणून "आम्ही तर हळू बोलतो" असं वरचे अगदी खरेपणाने सांगतात आणि खालच्यांची झोपही खरोखर मोडलेली असते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. आवाज चालू असताना खिडकी आणि दार बंद करा. तो लक्षात येण्याइतका कमी झाला तर हवेतून येतोय. काहीच फरक पडला नाही तर भिंतीला तळहात लावा. थरथर जाणवली की तो बांधकामातून येतोय.

यानंतरची चाचणी दोन्ही घरांनी मिळून केली तर उत्तम. वर एक जण, खाली एक जण, दोघांचा फोन चालू. वरच्याने एकेक गोष्ट करायची: डायनिंगची खुर्ची ओढायची, चपला घालून चालायचं, मग अनवाणी चालायचं, मिक्सर अर्धा मिनिट लावायचा, कपाटाचं दार लावायचं. खालच्याने प्रत्येक वेळी फक्त एवढंच सांगायचं: ऐकू आलं, थोडं आलं, आलं नाही. वीस मिनिटांत उलगडा होतो. कित्येकदा ज्याच्यावर भांडण चाललेलं असतं तो आवाज वरच्या घरातला नसतोच. आपल्याकडे प्लॉटला प्लॉट लागून घरं आहेत. शेजारच्या घराची मोटार आपल्या भिंतीतून ऐकू येते आणि बोल मात्र वरच्यांना लागतो.

मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप वापरायचं असेल तर फक्त तुलनेसाठी वापरा. तोच फोन, तीच जागा, आधी शांत असतानाचा आकडा आणि मग आवाज चालू असतानाचा. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, एवढं लक्षात ठेवा. प्रत्येक फोनचा माइक वेगळा असतो, त्यामुळे त्या आकड्यावर कायद्याचं बोलणं उभं राहत नाही.

तपासा: प्रत्येक नोंदीपुढे "हवेतून" किंवा "बांधकामातून" असं लिहिता येतंय का? जिथे येत नाही तिथे अजून दोन दिवस थांबा.

३. बोलण्याआधी आपल्या बाजूचं दुरुस्त करा

माझ्या मते सगळा वाद इथे जिंकला किंवा हरला जातो. तुम्ही तक्रार घेऊन जाता तेव्हा समोरचा मनात तुमचे आवाज मोजत असतो. ते आधीच कमी केलेले असले की बोलण्याला वजन येतं. आणि बहुतेक इलाज घरातल्या घरात होणारे आहेत.

खुर्च्या-टेबलं: पायांखाली फेल्टचे चिकट तुकडे लावा. लावण्याआधी पायाचा तळ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर आठवड्यात निघतात. प्लास्टिकच्या खुर्चीला फेल्ट टिकत नाही, तिला रबरी टोप्या बसवा. फेल्टमध्ये धूळ-खडे अडकले की पुन्हा करकर सुरू होते, म्हणून अधूनमधून बघत जा.

मिक्सर: खालचे रबरी पाय झिजलेत का ते उलटा करून पाहा. एक पाय जरी गेला असेल तरी पूर्ण ओटा घुमतो, कारण ओट्याचा दगड भिंतीत बसवलेला असतो. खाली जाड रबरी मॅट ठेवा. टॉवेल घड्या घालून ठेवू नका, मोटारीची हवा जायची जागा बंद होते आणि मिक्सर तापतो.

खलबत्ता: ओट्यावर कुटू नका. जमिनीवर, भिंतीला लागून, खाली गोणपाटाच्या तीन-चार घड्या घालून कुटा. खोलीच्या मधोमध स्लॅब जास्त हलतो, कडेला कमी.

वॉशिंग मशीन: बहुतेक वेळा मशीन समपातळीत नसतं. झाकणावर पाण्याचा ग्लास ठेवा, पाणी कुणीकडे कलतंय ते पाहा आणि पाय फिरवून सरळ करा. समोरून उघडणारं मशीन घर बदलल्यावर उड्या मारत असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का ते बघा. एकटी जाड चादर टाकून पिळायला लावलं तरी ते धडधडतं. सोबत चार-दोन कपडे टाका.

कुकर: पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक केला की शिट्ट्या कमी होतात आणि वरण तितकंच शिजतं.

टीव्ही आणि स्पीकर: बासचा डबा जमिनीवर किंवा दोन घरांच्या मधल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली जाड रबर किंवा फोम हवा. रात्री बास कमी केला तर आवाजाची पातळी फारशी न बदलताही खालच्याला फरक जाणवतो.

दारं: चौकटीवर रबरी पट्टी लावा, दाराखालच्या फटीला पट्टी बसवा. वारा सुटला की आपटणाऱ्या दाराला अडणी हवी.

आता घरमालकाच्या ताब्यातल्या दोन गोष्टी, ज्यांकडे फार दुर्लक्ष होतं.

मोटार. तिचा त्रास बहुधा मोटारीपेक्षा पाइपचा असतो. पाइप भिंतीला उघड्या लोखंडी क्लॅम्पने आवळलेला असेल तर मोटारीची सगळी थरथर वरच्या बेडरूमपर्यंत जाते. प्रत्येक क्लॅम्प सैल करून पाइप आणि क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी घाला. मोटारीच्या बैठकीखाली रबर, आणि मोटार व पाइप यांच्यामध्ये वीतभर लवचीक नळी बसवा. मोटार खडखडत असेल तर बेअरिंग तपासून घ्या, किंवा हौदातला फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) गाळाने तुंबलाय का ते पाहा.

सावधान: मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. जागा ओली असते. वायरिंग मेकॅनिककडूनच करून घ्या.

आणि चॅनल गेट. रात्री अकराला कामावरून आलेला मुलगा गेट ओढतो आणि तिन्ही मजले जागे होतात. इथे खालच्या पट्टीत ग्रीस भरण्याची चूक सगळे करतात. ग्रीसला माती चिकटते आणि महिन्याभरात आवाज दुप्पट होतो. खालची खाच कोरड्या ब्रशने साफ ठेवा आणि तेल फक्त कैचीसारख्या पट्ट्या जिथे जोडल्यात त्या रिबिटांवर, थेंब थेंब घाला. गेट पाच-सहा वेळा पुढे-मागे करा आणि ओघळलेलं तेल पुसून टाका. कुलूप आणि पत्रा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला की कुलूप आपटण्याचा आवाजही जातो. वीस रुपयांच्या तेलात होणाऱ्या या कामासाठी लोक वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे बघून खरंच वाईट वाटतं.

नेहमीची चूक: भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवणं. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पण आवाज पलीकडे जायचा थांबत नाही. बांधकामातून जाणाऱ्या आवाजावर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. ते पैसे जाड सतरंजीवर घाला आणि ती मुलं खेळतात तिथे अंथरा.

४. मग बोला, पण दिवसा

वेळ आधी मागून घ्या. भाडं द्यायच्या दिवशी नाही, आवाज चालू असताना नाही, जिन्यात उभ्या-उभ्या नाही, आणि रात्री तर मुळीच नाही. रविवारी पोहे-जिलबीनंतरची वेळ बरी. दोन्ही घरांतून एकेकच माणूस बसला तर सगळ्यात चांगलं. चौघं जमली की पंचायत होते.

बोलण्यात तीन गोष्टी याच क्रमाने याव्यात: नेमकं काय होतं, त्याने माझं काय होतं, आणि मी काय करायला तयार आहे.

भाडेकरूने असं म्हणता येईल: "काकू, नळाच्या दिवशी पहाटे साडेचारला मोटार सुरू होते तेव्हा आमच्या पलंगामागचा पाइप थरथरतो. माझी शिफ्ट रात्री दोनला संपते, त्यामुळे झोप होत नाही. क्लॅम्पखाली घालायचं रबर मी आणलंय, तुम्ही म्हणाल तेव्हा लावून देतो. आणि हौद पहाटे भरला तरी वरची टाकी सातनंतर भरली तर चालेल का?"

शेवटचं वाक्य नीट पाहा. नळ पहाटे येतो म्हणून मोटार पहाटेच लागते असं दोन्ही बाजू धरून चालतात. पण नळाने हौद आपोआप भरतो. मोटार लागते ती हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला, आणि हौद पुरेसा मोठा असेल तर ते काम दोन तासांनी करता येतं.

घरमालकाने असं म्हणता येईल: "अरे, रात्री अकरानंतर तुमच्या खोलीत खुर्ची ओढली की आजोबा दचकून उठतात आणि मग त्यांना झोप लागत नाही. तुझी परीक्षा आहे, तू उशिरापर्यंत अभ्यास करणार हे मला कळतं. हे फेल्टचे तुकडे आणलेत, लावून घे, आणि एकदा खाली येऊन ऐकून जा."

खाली बोलावून ऐकवणं फार उपयोगी पडतं. वरच्याला आपल्या खुर्चीचा आवाज खाली कसा पोचतो याची कल्पनाच नसते.

काही वाक्यं दोन्हीकडून टाळा: "आमच्या घरात राहायचं तर", "भाडं मोजतो, फुकट राहत नाही", "आधीच्या भाडेकरूंचा कधी त्रास नव्हता", "तुम्ही नेहमीच". ही निघाली की समोरचा आवाजाचं ऐकणं बंद करतो आणि अपमानाचं उत्तर शोधू लागतो.

लहान मुलांबद्दल बोलताना जास्त सांभाळा. दोन वर्षांचं मूल धावणारच, त्याला गप्प बसवा ही मागणीच चुकीची आहे. मागणी वेळेची आणि सतरंजीची असू शकते.

तपासा: बैठकीतून उठताना कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे दोघांना सारखंच सांगता येतंय का?

५. एका कागदावर लिहा आणि पंधरा दिवस करून पाहा

ठरलेलं लिहून काढा. भाडेकराराला जोडायची आत्ताच घाई नको, साधा कागद पुरे. एक प्रत वर, एक खाली. मजकूर मोजता-पाहता येईल असा हवा. "आवाज करू नये" असं लिहू नका. हे असं लिहा:

टाकीची मोटार सकाळी ७ नंतर. टाकी अगदीच रिकामी झाली तर आधी फोन करून. मिक्सर, वॉशिंग मशीन आणि कुटणं सकाळी ७ ते रात्री ९.३०. रात्री १० नंतर टीव्ही दार लावल्यावर बाहेर ऐकू येणार नाही इतकाच. गेट रात्री उघडणाऱ्याने हाताने धरून लावायचं, सोडून द्यायचं नाही. गाडी रात्री गेटबाहेर बंद करून आत ढकलायची. पाहुणे किंवा वाढदिवस असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. भजन, आरती, गणपतीचे दहा दिवस यांच्या वेळा आधी ठरवायच्या.

घरमालकाने इथे एक गोष्ट मनापासून मान्य करावी: कागद दोघांनाही लागू आहे. खालचा टीव्ही रात्री साडेअकरापर्यंत आणि वरच्यांना दहाचा नियम, असं ठेवलं तर आठवडाभरही चालत नाही. भाडेकरूनेही समजून घ्यावं की खालच्यांसाठी हे आयुष्यभराचं घर आहे. ते आवाजाला कंटाळून दुसरीकडे जाऊ शकत नाहीत.

पंधरा दिवसांत नियम मोडला गेला तर त्याच क्षणी भांडू नका. वहीत नोंद करा आणि पंधराव्या दिवशी पुन्हा बसा. एक-दोन अटी बदलाव्या लागतातच. त्यानंतर हवं तर पुढच्या भाडेकरारात घाला.

६. तरीही ऐकलं नाही तर

आधी दोघांच्या ओळखीचा, दोघांना मान असलेला एक माणूस मध्ये घ्या. घर मिळवून देणारा दलाल शक्यतो नको, त्याचं लक्ष नव्या भाडेकरूकडे असतं. मग एक छोटं पत्र किंवा मेसेज: तारखा, ठरलेल्या अटी, काय मोडलं, काय हवं. धमकी नाही.

कायद्याबाबत गैरसमज फार आहेत, म्हणून नेमकं सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात परिसरातल्या आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते ६. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असू नये. आवाज मर्यादेच्या १० डेसिबल किंवा त्याहून वर गेला, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले, तर तक्रार करता येते. रात्री निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायलाही बंदी आहे. म्हणजे मध्यरात्री गच्चीवर स्पीकर लावला तर ११२ ला फोन करणं योग्य. खुर्ची, टाचा, मिक्सर यांसाठी पोलीस बोलावणं चूक. तो विषय या नियमांच्या चौकटीत बसत नाही आणि पोलीस गेल्यावर राहायचं मात्र त्याच जिन्यात असतं.

भाडेकरूला बाहेर काढण्याबद्दल: मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ च्या कलम १२ मध्ये घर रिकामं करून घेण्याची कारणं दिली आहेत आणि भाडेकरूने उपद्रव करणं हे त्यांतलं एक आहे. पण ते न्यायालयात सिद्ध करावं लागतं. आवाजाच्या रागात पाणी तोडणं, मीटर बंद करणं, कुलूप बदलणं यांतलं काहीही घरमालकाने करू नये, उलट तोच अडचणीत येतो. भाडेकरूनेही रागाने भाडं अडवू नये. थकबाकी हे त्याच कलमातलं वेगळं कारण आहे आणि ते सिद्ध करायला कितीतरी सोपं आहे.

सावधान: पुरावा म्हणून रेकॉर्डिंग करायचं तर आपल्या खोलीत बसून, आपल्याला ऐकू येणारा आवाज तेवढा करा. दाराला फोन लावून त्यांचं घरातलं बोलणं टिपू नका.

७. घर सोडायचं ठरलं तर

काही जोड्या जमतच नाहीत. रात्रपाळीचा माणूस आणि पहाटे चारला उठणारं घर यांना कितीही रबर लावलं तरी पुरत नाही. अशा वेळी कराराप्रमाणे लेखी सूचना द्या, खोल्यांचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून लिहा आणि डिपॉझिटचा हिशेब चावी देताना समोरासमोर करा.

नवं घर बघायला दुपारी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा असं दोनदा जा. टाकीची मोटार कधी लावता, नळ किती वाजता येतो, गेट रात्री किती वाजता बंद होतं, घरात कोण आजारी किंवा परीक्षेला बसणारं आहे, हे विचारा. स्वतःच्या वेळाही न लपवता सांगा. मग मालकाला मोटार एकदा लावायला सांगा, वरच्या बेडरूममध्ये जा आणि पलंग लागणार आहे त्या भिंतीला हात लावून पाहा.